जुन्या रोड बाईकला रुंद टायर : फ्रेममध्ये जागा किती आणि ब्रेक पोहोचतो कुठवर?

वळणरस्ता (धागाकर्ता)

माझ्याकडे १९८० च्या दशकातली पोलादी फ्रेमची एक रोड बाईक आहे. फ्रेम सरळ आहे, गंज कुठेही खोलवर गेलेला नाही आणि ती चालवताना जो हलकेपणा जाणवतो तो सोडवत नाही, म्हणून नवी ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्यासाठीची) बाईक घेण्याचा विचार तूर्त नाही. अडचण टायरची आहे. सध्या ७००×२५ (७००सी मापाच्या चाकावर २५ मिलिमीटर रुंद) टायर लावलेले आहेत. माझ्या वाटेतला निम्म्याहून अधिक भाग डांबरी असला तरी उरलेला खडीचा, मातीचा आणि उखडलेल्या डांबराचा आहे. हवा पूर्ण भरली तर मनगटे आणि मान दुखते, कमी ठेवली तर खड्ड्याच्या धारेवर ट्यूब रिमखाली चेपून पंक्चर होते.

तेव्हा प्रश्न असे : या फ्रेममध्ये जास्तीत जास्त किती रुंद टायर बसेल हे ठरवायचे कसे? ७००सी हाच आकार ठेवावा की ६५०बी ची लहान चाके बनवून घ्यावीत? आणि ब्रेकचे काय? मागचा हब १२६ मिलिमीटरचा आहे, ब्रेक साधे साइडपुल (एकाच बोल्टवर फिरणारे, केबल बाजूने ओढणारे) आहेत, मडगार्ड लावलेले नाहीत. माझे वजन ७२ किलो, सायकल साधारण ११ किलोची.

आरेदुरुस्त

कुठलेही टायर मागवण्याआधी मोजमापे घ्या, कारण या प्रश्नाचे उत्तर टायरच्या बाजूवर छापलेल्या आकड्यात नसून तुमच्या फ्रेममधल्या चारपाच ठिकाणी आहे. त्यांपैकी जे सर्वांत अरुंद असेल, तीच तुमची मर्यादा.

मागच्या बाजूला चेनस्टेंमधील (पेडलच्या जागेपासून मागच्या ॲक्सलकडे जाणाऱ्या दोन नळ्यांमधील) आडवे अंतर पाहा, मात्र ते योग्य जागी. टायरचा सर्वांत फुगीर भाग ॲक्सलच्या मध्यापासून जितक्या अंतरावर येतो तितक्याच अंतरावर मोजायचे. ७००सी च्या ३२ टायरसाठी ते अंतर ३११ अधिक १६, म्हणजे ३२७ मिलिमीटरच्या आसपास येते. त्यानंतर सीटस्टेंमधले (सीटखालून मागच्या ॲक्सलकडे उतरणाऱ्या नळ्यांमधले) अंतर आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पुलाखालची जागा पाहा. टायर आणि सीट ट्यूब यांच्यातली फटही पाहा, कारण आडव्या खाचेच्या ड्रॉपआउटमधून (ॲक्सल बसतो त्या पट्टीतून) चाक पुढे सरकवूनच बाहेर काढावे लागते आणि तिथे जागा नसेल तर प्रत्येक वेळी हवा सोडावी लागते. पुढे फोर्कच्या दोन्ही पायांमधले अंतर आणि क्राउनखालची (फोर्कचे पाय वर जिथे जुळतात त्या माथ्याखालची) उंची मोजा. बहुतेक जुन्या फ्रेममध्ये रुंदीचा अडसर चेनस्टेंपाशी येतो आणि उंचीचा अडसर फोर्कच्या क्राउनपाशी.

व्हर्नियर आत जात नसेल तर एलन कीचा संच गेज म्हणून वापरा. चाक जागेवर ठेवून टायर आणि चेनस्टे यांच्यामध्ये ४ ची की सहज सरकली, ५ ची किंचित घासून गेली आणि ६ ची अडली, म्हणजे फट पाच मिलिमीटरची. दोन्ही बाजूंनी पाहा, कारण जुन्या फ्रेममध्ये चाक अगदी मध्यावर असतेच असे नाही. चाक हळू फिरवून पूर्ण फेरा होईपर्यंत की तशीच धरून ठेवली तर चाकाचा आऊट (वाकडेपणा) किती आहे तेही कळते. आऊट असेल तर तो आधी काढून घ्या, नाहीतर मोजमाप फसवे येईल.

प्रत्येक बाजूला निदान ४ मिलिमीटर मोकळे राहावेत असे मी धरतो. उभे राहून पेडल मारताना चाक थोडे कलते, एखादा आरा तुटला तर रिम काही मिलिमीटर बाजूला जाते, आणि टायरला चिकटून आलेला खडा अरुंद फटीत अडकला तर रंगच नव्हे, पातळ नळीचे पोलादही खरवडतो. चिखलाचा रस्ता असेल तर ४ पुरत नाहीत, ६ लागतात.

शेवटचे मोजमाप ब्रेकचे. ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून रिमच्या ब्रेक लागणाऱ्या पट्ट्याच्या मध्यापर्यंत सरळ खाली मोजा, पुढे आणि मागे वेगवेगळे; हीच ब्रेकची पोहोच. हे आकडे इथे लिहा, मग बोलता येईल.

मंदगती

मोजमापे येईपर्यंत एक गोष्ट. हा प्रश्न विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना टायर बदलण्याइतकीच हवा बदलण्याची गरज असते. पंपावर जितका आकडा दिसतो तितका वेग, ही समजूत डांबर गुळगुळीत असेल तिथेही एका मर्यादेपर्यंतच खरी असते. खडबडीत पृष्ठभागावर कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर सायकल आणि स्वार यांना वर उचलते. ती ऊर्जा पुढे जाण्याच्या कामी येत नाही, ती स्नायूंमध्ये जिरते, आणि तुमची मान दुखते ती त्याचीच पावती.

फ्रँक बर्टो या अमेरिकी सायकल-अभियंत्याने टायरचा दाब ठरवण्यासाठी स्वार बसल्यावर टायर किती खाली बसते हे प्रमाण धरले होते. भार नसतानाची टायरची उंची आणि भार पडल्यावरची उंची यांत साधारण १५ टक्क्यांची घट येईल इतकी हवा, हा त्याचा सुप्रसिद्ध ठोकताळा. त्या हिशेबाने पाहिले तर एकाच स्वाराला रुंद टायरमध्ये दाब बराच कमी लागतो. शिवाय टायरच्या कापडावरचा ताण दाब आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराने ठरतो. म्हणजे २५ च्या टायरमध्ये ९५ पीएसआय भरल्यावर कापड जितके ताणले जाते तितकेच ३२ च्या टायरमध्ये ७४ पीएसआयला ताणले जाते. रुंद टायरमध्ये जुनाच आकडा भरत राहिलात तर ते जुन्याहून अधिक कडक होईल आणि जुन्या रिमच्या कडांवरही जास्त जोर येईल.

मी स्वतः २८ वर समाधानी आहे. फ्रेमने त्याहून जास्त जागा दिली तर आनंद आहे, पण त्यासाठी चाके, ब्रेक आणि क्रँक बदलत सुटू नये असे माझे मत.

खडीमार्ग

२८ ची गोष्ट डांबरापुरती ठीक आहे. सुट्या खडीवर २८ आणि ३८ यांतला फरक हवा कमीजास्त करून भरून निघत नाही. माझे मत स्पष्टपणे ६५०बी च्या बाजूचे आहे.

हा आकार कोणी काल काढलेला नाही. फ्रान्समधल्या भटक्या सायकलस्वारांच्या सायकलींवर तो विसाव्या शतकात दशकानुदशके रूढ होता. कच्च्या डोंगरी रस्त्यांवर रुंद, मऊ टायर चालवावीत असा आग्रह धरणारी त्यांची परंपरा वेलोसिओ या टोपणनावाने लिहिणाऱ्या पॉल द विव्ही याच्यापर्यंत जाते, आणि तो १९३० साली वारला. पुढे हा आकार मागे पडला होता. २००७ च्या सुमारास तो माउंटन बाईकसाठी पुन्हा वापरात आला आणि आज २७.५ इंच या नावाने सगळीकडे मिळतो. नाव वेगळे असले तरी रिमचे माप तेच, ५८४ मिलिमीटर.

गणित सोपे आहे. ७००सी चे माप ६२२, ६५०बी चे ५८४. व्यासात ३८ चा फरक, म्हणजे त्रिज्येत १९ मिलिमीटरची जागा मोकळी होते. ७००×२३ टायरच्या चाकाची त्रिज्या ३११ अधिक २३, म्हणजे ३३४. ६५०बी×४२ ची २९२ अधिक ४२, म्हणजे तीही ३३४. सायकलची उंची जशी होती तशी राहते आणि टायर जवळपास दुप्पट रुंद होते. डिस्क ब्रेक असलेल्या फ्रेमवर तर नुसते चाक बदलले की काम झाले. रिम ब्रेकवाल्या फ्रेमला लांब हातांचे ब्रेक लागतात, पण तेही मिळतात.

दुरून_दर्शन

जुन्या फ्रेमवर एवढी खटपट करण्यापेक्षा ती विकून ४० चे टायर बसणारी फ्रेम घेणे सोपे नाही का?

वळणरस्ता (धागाकर्ता)

सोपे आहे, पण ही फ्रेम ठेवायची हे ठरवूनच धागा काढला आहे.

मोजमापे घेतली. ॲक्सलपासून ३२७ मिलिमीटरवर चेनस्टेंमध्ये ४० मिलिमीटर अंतर आहे. तिथे दोन्ही नळ्या आतून थोड्या चेपलेल्या आहेत, त्या मूळच्या घडणीतच तशा दिसतात. खडीमार्ग यांचे वाचून ६५०बी×४२ साठी (२९२ अधिक २१) ३१३ मिलिमीटरवरही मोजले, तिथे ४४ भरले. सीटस्टेंमध्ये आणि फोर्कच्या पायांमध्ये याहून बरीच जास्त जागा आहे. फोर्कच्या क्राउनची खालची कड ब्रेकच्या बोल्टच्या मध्यापासून ११ मिलिमीटर खाली येते. ब्रेकची पोहोच पुढे ४८ आणि मागे ५४. रिम आतून १४ मिलिमीटर रुंद आहे. मागच्या चाकाला थोडा आऊट होता, तो काढला.

आरेदुरुस्त

उत्तम. आता आकडेच बोलतील.

आधी ७००सी. पुढच्या ब्रेकचा बोल्ट ॲक्सलपासून सुमारे ३११ अधिक ४८, म्हणजे ३५९ मिलिमीटरवर आहे, कारण ब्रेकच्या पट्ट्याचा मध्य आणि टायर बसण्याची कड जवळपास एकाच त्रिज्येवर असतात. त्यातून क्राउनचे ११ वजा केले की ३४८ उरतात. पूर्ण ३२ भरणारे टायर ३४३ पर्यंत जाईल, म्हणजे वर ५ मिलिमीटर. चेनस्टेंमध्ये ४० आहेत, म्हणजे ३२ च्या दोन्ही बाजूंना ४-४. तेव्हा ३२ ही तुमच्या फ्रेमची कमाल रुंदी, तीही मडगार्डशिवाय.

इथे तुमची अरुंद रिम तुमच्या पथ्यावर पडते. टायरवर छापलेली रुंदी उत्पादक एखादी ठरावीक रिम गृहीत धरून छापतो आणि हल्ली ती रिम बहुधा १९ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद असते. रिमची आतली रुंदी एक मिलिमीटरने घटली तर टायर साधारण ०.४ मिलिमीटरने अरुंद भरते. म्हणजे ३२ छापलेले टायर तुमच्या १४ च्या रिमवर ३० च्या जवळपास येईल. पुढेमागे रुंद रिमची चाके घेतलीत तर तेच टायर फुगून पुन्हा ३२ होईल, हे मात्र लक्षात ठेवा. जे लोक टायर न बदलता नुसती चाके बदलतात आणि मग चेनस्टे घासतो म्हणून गोंधळतात, त्यांचे उत्तर यात आहे.

आता ६५०बी. ब्रेकची पोहोच १९ ने वाढेल : पुढे ६७, मागे ७३. बाजारात सहज मिळणाऱ्या लांब हातांच्या ड्युअल पिव्हट (दोन टेकूंच्या) ब्रेकची मर्यादा ५५ ते ७३ आहे. पुढे प्रश्न नाही. मागे मात्र ब्रेकशू खाचेच्या अगदी तळाला टेकेल, एक मिलिमीटरही इकडेतिकडे करता येणार नाही. दुसरे असे की चेनस्टेंमध्ये त्या ठिकाणी ४४ च आहेत. दोन्हीकडे ४-४ सोडले तर टायर ३६ चे. तुमचे चेनस्टे ७००सी च्या टायरसाठी योग्य जागी चेपलेले आहेत आणि लहान चाकाचे टायर त्या खोलगट भागाच्या मागे येते, त्यामुळे चेपण्याचा फायदा त्याला पुरता मिळत नाही. ६५०बी च्या गणितात वर १९ मिलिमीटर मिळतात हे खरे, पण बाजूला किती मिळतात हे प्रत्येक फ्रेमचे वेगळे असते.

म्हणजे एका बाजूला जुनीच चाके आणि जुनेच ब्रेक ठेवून ३२, दुसऱ्या बाजूला नव्या रिम, नवे आरे, नवे ब्रेक करून ३६. या फ्रेमपुरते माझे मत पहिल्याच्या बाजूने आहे.

खडीमार्ग

३ मिलिमीटरवर भागवून ३८ लावणारे मी पाहिले आहेत, कोरड्या हवेत चालते. पण मागचा ब्रेक खाचेच्या तळाला टेकत असेल तर मीही आग्रह धरणार नाही. ब्रेकशू झिजत गेला की त्याची जागा थोडी बदलते आणि तो खाली सरकवायला जागाच नसेल तर तो टायरला घासू लागतो. रिमच्या कडेवरून टायरच्या बाजूवर घासणारा ब्रेकशू काही उतारांतच कापड उघडे पाडतो.

आरेदुरुस्त

अगदी. आणि त्यात बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक बसतो त्या जागेच्या) उंचीचा मुद्दा राहिला. सध्याच्या २५ टायरच्या चाकाची त्रिज्या ३३६ आहे. जुन्या रिमवरच्या ३२ टायरने ती ३४१ च्या पुढे जाईल, म्हणजे क्रँक ५ मिलिमीटर वर. ६५०बी×३६ ने ती ३२८ होईल, म्हणजे ८ मिलिमीटर खाली. दोहोंत तेरा मिलिमीटरचा फरक पडतो, आणि खडबडीत वाटेवर वळणात पेडल जमिनीला लागणे किंवा दगडावर आपटणे हे तेवढ्यानेही ठरू शकते. मिश्र रस्त्यासाठी सायकल करायची आणि तिचा क्रँक खाली आणायचा, हे मला पटत नाही. सायकल वळणात वेगळी वागेल का, हा प्रश्न यानंतर हमखास येतो म्हणून आधीच सांगतो : ७३ अंशांच्या हेड अँगलला (हँडलखालच्या नळीच्या कलाला) चाकाची त्रिज्या साडेपाच मिलिमीटरने वाढली तर ट्रेल (सायकल किती स्थिर वळते हे ठरवणारे पुढच्या चाकाचे अंतर) दोन मिलिमीटरही वाढत नाही. टायरमधली हवा बदलल्याने जो फरक हँडलला जाणवतो त्यापुढे हा नगण्य आहे.

सत्तावीस_इंची

माझी सायकल याच पिढीतली, पण तिला २७×१¼ चाके आहेत आणि त्या मापात चांगले टायर मिळणे कठीण झाले आहे. मला याच पद्धतीने काही करता येईल का? सध्याच्या चाकावर पोहोच पुढे ६० आणि मागे ६४ आहे.

आरेदुरुस्त

तुमचे काम धागाकर्त्यांपेक्षा सोपे आहे. २७ इंची रिमचे माप ६३०, ७००सी चे ६२२. त्रिज्येत केवळ ४ मिलिमीटरचा फरक, म्हणजे ब्रेकशू ४ ने खाली आणायचे : पुढे ६४, मागे ६८. सध्याच्या ब्रेकच्या खाचेत तेवढी जागा उरली असेल तर प्रश्नच मिटला, नसेल तर ५५ ते ७३ वाले ब्रेक दोन्हीकडे आरामात बसतील. तुमच्या आत्ताच्या चाकाची त्रिज्या ३१५ अधिक ३२, म्हणजे ३४७. ७००×३५ ची ३४६. उंची तीच राहते आणि टायर रुंद मिळते. चेनस्टेंमध्ये ३५ अधिक ८, म्हणजे ४३ मिलिमीटर आहेत का तेवढे पाहा.

खरेदी करताना इंचांच्या आकड्यावर विसंबू नका. २६ इंच या एकाच नावाखाली ५५९, ५७१, ५८४ आणि ५९० अशी वेगवेगळी मापे येतात, २८ इंच म्हणून मिळणारे टायर ६२२ चे असू शकते किंवा रोडस्टरचे ६३५ चेही. टायरच्या बाजूवर ३५-६२२ असा जोड छापलेला असतो, त्यातला दुसरा आकडा रिमशी जुळला पाहिजे. नव्या रिमला व्हॉल्व्हचे भोक लहान असेल तर ट्यूबही प्रेस्टा (बारीक) व्हॉल्व्हची घ्यावी लागेल.

ॲल्युमिनियमचा_राजा

माझी फ्रेम २००५ च्या आसपासची ॲल्युमिनियमची आहे, फोर्क कार्बनचा, ब्रेकची पोहोच ३९ ते ४९ च्या मापातली. सध्या २३ चे टायर आहेत. मला किती आशा ठेवावी?

मंदगती

२८ छापलेले टायर बसले तर समाधान मानावे. त्या काळात रोड बाईक आखडून बनवण्याची चढाओढ होती आणि कमी पोहोचीच्या ब्रेकची कमान स्वतःच टायरच्या डोक्याशी येऊन बसते, त्यामुळे क्राउनखाली जागा असूनही ब्रेकखाली नसते. पोलाद जसे चेपता किंवा फाकवता येते तसे ॲल्युमिनियम आणि कार्बन मुळीच करता येत नाही, तिथे तडा जातो. कार्बन फोर्कच्या आतून कानस मारून जागा करण्याचे सल्लेही कुठेकुठे वाचायला मिळतात. ते कृपया वाचून सोडून द्या.

फोर्क बदलून ४७ ते ५७ पोहोचीचा घेता येतो, पण जुन्या आणि नव्या फोर्कची ॲक्सलपासून क्राउनपर्यंतची लांबी जुळवून पाहा. सायक्लोक्रॉसचा लांब फोर्क लावला आणि पुढची बाजू २० मिलिमीटर उचलली गेली तर हेड अँगल साधारण एक अंशाने ढिला होतो, तो फरक मात्र चांगलाच जाणवतो. एक सोपा मार्ग असा की पुढे आणि मागे वेगळी रुंदी ठेवावी. पुढच्या टायरला जागा बहुधा जास्त असते आणि हातांना बसणारे हादरे तिथूनच येतात. पुढे ३० आणि मागे २८ लावल्याने काहीही बिघडत नाही.

वळणरस्ता (धागाकर्ता)

आरेदुरुस्त यांचा हिशेब पटला. ३२ चे टायर मागवतो. ब्रेक तेच राहणार असले तरी ते चाळीस वर्षांचे आहेत आणि पकड मुळातच बेताची आहे. ड्युअल पिव्हट लावायचे म्हटले तर माझ्या फ्रेमला मागून साधी नट लागते, हल्लीच्या ब्रेकला मात्र भोकात शिरणारी लांब नट असते. यावर काय करतात? आणि मागचा हब १२६ चाच ठेवावा का?

आरेदुरुस्त

ब्रेक बदलण्याआधी ब्रेकशू, केबल आणि तिचे आवरण बदलून पाहा. जुन्या ब्रेकची अर्धी बदनामी दगडासारख्या कडक झालेल्या रबराची आणि आत गंजलेल्या केबलची असते. नवे मऊ ब्रेकशू लावा, रिमचे पट्टे स्पिरिटने पुसा, केबलची वळणे शक्य तितकी मोठी ठेवा, मग निर्णय करा.

तरीही बदलायचेच असेल तर ४७ ते ५७ पोहोचीचे ड्युअल पिव्हट घ्या आणि साध्या नटचा प्रकार मिळतो का ते आधी विचारा, काही उत्पादक तो बनवतात. न मिळाल्यास पुढचा ब्रेक बसवण्यासाठी फोर्कच्या क्राउनचे केवळ मागच्या बाजूचे भोक ८ मिलिमीटरपर्यंत मोठे करतात, पुढचे भोक ६ चेच राहते. मागच्या पुलासाठी पुढच्या ब्रेकचा लांब बोल्ट वापरून त्यावर साधी नट लावण्याची जुनी युक्ती आहे. पुलाची नळी पातळ असते, तिथे ड्रिल न चालवलेले बरे.

६५०बी चा विचार करणाऱ्या वाचकांसाठी इथेच एक नोंद. जुन्या साइडपुलमध्ये बोल्ट हाच टेकू असतो. वरची भुजा तीच राहून खालची ४८ वरून ६७ पर्यंत लांबली तर ब्रेकशूवरचा जोर जेमतेम सत्तर टक्क्यांवर येतो. लांब हातांचे चांगले ब्रेक वरची भुजाही लांब करून यातला काही तोटा भरून काढतात, पण हात जितके लांब तितकी लवचिकता जास्त, हे राहतेच. सेंटरपुल (केबल मधोमध ओढणारे) ब्रेक आवडणारे लोक अजूनही आहेत ते काही केवळ जुन्याच्या हौसेपोटी नव्हे.

हब १२६ चाच ठेवा. तो चांगला फिरत असताना बदलण्याचे कारण नाही. पुढे नव्या चाकासाठी १३० करायचे झाले तर पोलादी फ्रेमचे स्टे प्रत्येक बाजूला २ मिलिमीटर फाकवता येतात, अमेरिकी सायकल-मेकॅनिक शेल्डन ब्राऊन यांनी ती रीत पूर्वीच तपशिलाने लिहून ठेवली आहे. फाकवल्यावर एका ड्रॉपआउटपासून हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे आहे का ते पाहायचे; त्यानंतर ड्रॉपआउट एकमेकांना समांतर करून घ्यायचे, नाहीतर ॲक्सल वाकतो किंवा तुटतो.

खडीमार्ग

टायर निवडताना गोट्यागोट्यांच्या नक्षीचे घेऊ नका. ते गोटे उंचीत आणि रुंदीत जागा खातात आणि तुमच्याकडे जागाच मोजकी आहे. दाबून बसलेल्या खडीवर गुळगुळीत टायरची पकड पुरेशी असते, नक्षीचा खरा उपयोग चिखलात आणि गवतात. त्यापेक्षा कापड मऊ असलेले टायर घ्या, हवा कमी ठेवता येण्याचा फायदा त्यातच मिळतो. जुन्या रिमवर ट्यूबलेसचा प्रयोग मात्र करू नका. त्या रिमची आतली कड त्या कामासाठी घडवलेलीच नसते आणि टायर सुटून येऊ शकते.

वळणरस्ता (धागाकर्ता)

टायर बसवले. ३२ छापलेले टायर माझ्या रिमवर आधी ३० भरले आणि काही दिवसांत ताणून साडेतीस झाले. चेनस्टेंपाशी दोन्हीकडे साडेचारची फट आहे, ४ ची एलन की पूर्ण फेरा मोकळी फिरते. क्राउनखाली सहा मिलिमीटर उरले आहेत. सीट ट्यूबपाशी जागा कमी पडत होती, म्हणून ड्रॉपआउटमधले स्क्रू फिरवून चाक थोडे मागे घेतले, त्याने चेनस्टेंपाशीही अर्धा मिलिमीटर जास्त मिळाला. हवा भरलेले चाक ब्रेकशूंमधून जात नाही, ब्रेकची क्विक रिलीज उघडावी लागते आणि तरीही थोडे रेटावे लागते. नव्या ब्रेकशूंनी पकड इतकी सुधारली की ब्रेक बदलण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे.

दोन प्रश्न उरले. हवा किती ठेवावी? आणि पावसाळी दिवसांत मडगार्ड लावता येईल का?

मंदगती

तुमच्या ८३ किलोच्या एकूण भारापैकी साधारण ४७ किलो मागच्या चाकावर आणि ३६ पुढच्या चाकावर येतात. मागे ६० आणि पुढे ५० पीएसआयपासून सुरुवात करा. डांबरावर वळणात टायर बाजूला दबल्यासारखे वाटले तर थोडे वाढवा. खडीवर अजूनही ठेचकाळत असेल तर पुढचे आधी कमी करा. ट्यूब वापरत आहात, त्यामुळे खाली जाण्याला मर्यादा आहे : खड्ड्याच्या धारेवर रिम टेकल्याचा टक् असा आवाज आला की पाच पीएसआय परत भरा. पंप तोच वापरा, कारण दोन पंपांचे काटे क्वचितच जुळतात.

आरेदुरुस्त

मडगार्ड या टायरसह पूर्ण लांबीचे बसणार नाहीत. क्राउनखाली सहा मिलिमीटरमध्ये पत्रा, त्याचा क्लॅम्प आणि चिखलाला वाट असे तिन्ही मावत नाही. क्राउनच्या आणि पुलाच्या आधी एक तुकडा व नंतर एक तुकडा असे दोन भागांत कापलेले मडगार्ड येतात, ते फोर्कच्या पायांना आणि सीटस्टेंना बांधता येतात. पाणी थोडे उडतेच, पण पाठ कोरडी राहते. पूर्ण मडगार्ड हवेच असतील तर पावसापुरते २५ चे टायर परत लावा. जुने जोड फेकले नसतीलच.